न वाचणाऱ्या लेखिकेची पत्रं

गंगा उतरू लागली की काशीला गाळाचा वास येतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या लोखंडासारखा. श्रावणभर पाण्याखाली गेलेल्या पायऱ्या वर येतात त्या पायऱ्या म्हणून येत नाहीत, चिखलाची उतरण म्हणून येतात. मग पंप लावतात, जाड पाइपातून गंगेचंच पाणी गंगेच्या गाळावर मारतात आणि तो गाळ पुन्हा गंगेतच लोटतात. यावर मी दोनदा पत्रक काढलंय. कुणाला काही फरक पडला नाही. शिंदे घाटावरचं कललेलं देऊळ कमरेपर्यंत चिखल माखून उभं असतं आणि नेमका याच दिवसांत पितृपक्ष लागतो. सातारा, नांदेड, अमरावतीकडची माणसं पिशव्या छातीशी धरून गल्ल्यांतून ओळीने येतात. घाटावर जागा नसली की पिंडदान गल्लीच्या तोंडाशी होतं, कुणाच्या ओट्यावर होतं, गच्चीवर होतं. काळे तीळ सगळीकडे. चपलेच्या खाचांत, ओट्याच्या फटीत, ई-रिक्षाच्या सीटवर.

सरळ सांगते, हा पंधरवडा मला सहन होत नाही. पूर्वी होत असे. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी एका म्हाताऱ्या बाईंविरुद्ध पत्रक काढलं, तेव्हापासून होत नाही.

त्यांचं नाव शरयूताई. आडनाव लिहिणार नाही, कुठल्या घाटावरचं घर तेही लिहिणार नाही. ती अट आहे आणि ती का आहे ते पुढे येईलच. मराठीत त्यांच्या चार कादंबऱ्या. चारही गावाकडच्या. एक कोकणातली, एक वऱ्हाडातली, दोन नगरकडच्या. आणि बाई जन्मापासून बनारसच्या. काशीच्या एका तीर्थपुरोहिताच्या घरातली मुलगी, लग्न केलं नाही, भावाच्या आणि मग भाच्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहिली. महाराष्ट्रात गेली ती म्हणे दोनदाच, दोन्ही वेळा सत्कार घ्यायला. तिकडचे समीक्षक चकित व्हायचे की, ही बाई चिपळूणच्या बाईसारखी बोलते कशी. 'प्रतिभा' म्हणून मोकळे व्हायचे.

मी त्यांच्या त्या जुन्या मराठी गल्लीतली नाही. माझे वडील रेल्वेत, भुसावळहून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. जुन्या मराठी घरांच्या लेखी आम्ही अजून 'नोकरीवाले'. ती घरं पेशव्यांच्या काळापासूनची. त्यांच्याकडे मराठी स्वयंपाकघरात बोलतात आणि भांडण मात्र हिंदीत करतात. मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं काढते. अर्धा कागद, पिवळा, दोन्ही बाजूंनी. नाल्याचं पाणी, घाटावरची अतिक्रमणं, मुलांसाठी मराठीचा वर्ग. आम्ही पाच जण आहोत, पैकी मराठी नीट लिहिता येणारी मी एकटी, त्यामुळे लिहायचं काम माझ्याकडे आणि शिव्या खायचं कामही माझ्याकडे.

त्या वर्षी आमचं मराठी वाचनालय बंद पडायला आलं होतं. एकच खोली, चार कपाटं, एक पंखा. घरमालकाला ती यात्रेकरूंना राहायला द्यायची होती. मी म्हटलं, शरयूताईंना बोलवू. एवढी मोठी लेखिका गल्लीत राहते, ती दोन वाक्यं बोलली तर पेपरात येईल. त्या आल्या. पांढरी साडी, जाड भिंगांचा चष्मा, हातात काही नाही. मी सगळ्यांसमोर विचारलं,

"ताई, सध्या काय वाचताय?"

"काही नाही."

लोक हसले. मला वाटलं, त्या गंमत करतायत. "म्हणजे एखादी नवी कादंबरी?"

"कादंबऱ्या मी वाचत नाही ग. फार वर्षं झाली."

"बरं, मग वाचनालयासाठी दोन शब्द तरी..."

"मी तिथली वाचक नाही," त्या म्हणाल्या. "मी कुठल्या तोंडाने बोलू?"

आणि उठून गेल्या. मागे कुणीतरी म्हणालं, "लो, हो गया."

त्या संध्याकाळी माझं डोकं जे फिरलं ते पत्रक लिहून होईपर्यंत फिरलेलंच राहिलं. 'न वाचणाऱ्या लेखिकेस खुलं पत्र' असं त्याचं नाव. त्यातलं एक वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते जाड ठशात घ्यायला लावलं: 'कोकण पाहिलं नाही, वऱ्हाड पाहिलं नाही, पुस्तक वाचत नाही. मग बाई, तुम्ही लिहिलंत कुठून?'

आई ते वाचून म्हणाली, "जाऊन विचारायचं होतंस."

"विचारलं की सगळ्यांसमोर!"

"सगळ्यांसमोर विचारलंस. मी म्हणतेय, जाऊन. तू बोलायच्या आधी छापतेस, हा तुझा प्रॉब्लेम आहे."

मी अर्थातच ऐकलं नाही. पत्रक गल्लीत वाटलं, घाटावर वाटलं, त्यांच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं. एका हिंदी पेपरात चार ओळी आल्या. मोबाईल घेऊन फिरणारे दोन बातमीदार त्यांच्या दारापर्यंत गेले, शेजाऱ्यांना विचारत होते, "माताजी दिन भर करती क्या हैं?" वाचनालय महिन्याभरात बंद झालंच. आता तिथे यात्रेकरू राहतात, पंखा तोच आहे. शरयूताईंनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, उत्तर नाहीच म्हणून दिलं नाही. दीड वर्षाने, माघात, त्या गेल्या. मणिकर्णिकेला नेलं तेव्हा मी चौकात चहा पीत उभी होते. लोक 'राम नाम सत्य है' म्हणत गेले आणि मी ग्लास खाली ठेवला, एवढंच.

यंदा भाद्रपदात एका अनोळखी नंबरावरून फोन आला.

"ती पत्रकवाली रेवती तूच का?"

"हो. आपण?"

"मी मालती. इंदूरहून आलेय. शरयूची मैत्रीण. धर्मशाळेत उतरलेय, जिना फार उंच आहे, मी खाली येणार नाही. तूच ये."

मालतीबाई ऐंशीच्या पुढच्या. शाळेत मास्तरीण होत्या, आणि आवाजात ते अजून आहे. शिकत असताना शरयूताई आणि त्या विद्यापीठाच्या हॉस्टेलात एका खोलीत राहायच्या; शरयूताईंचं घर गावातच, पण विद्यापीठापासून लांब. तिसरी एक मैत्रीण मिरजेची होती, ती गेली. तिच्याकडची शरयूताईंची पत्रंही तिच्या मुलीने इंदूरला पाठवून दिली. ती सगळी पत्रं मालतीबाईंच्या मांडीवर एका उशीच्या अभ्र्यात होती. शरयूताईंच्या तिथीला त्या आल्या होत्या. "तिचा भाचा करतो सगळं यथासांग," म्हणाल्या, "पण मला वाटलं, कुणीतरी तिच्या वयाचंही असावं."

मी आधीच कंबर कसून बसले होते. मनात म्हणत होते, आता ही मला झापणार. त्यांनी अभ्रा माझ्याकडे ढकलला.

"वाच. मोठ्याने वाच. मला आता दिसत नाही."

"मी का?"

"दुसरं कोण आहे इथे? इथल्या धर्मशाळेच्या पंड्याला मराठी अक्षर लागत नाही. आणि तुला वाचायला हवंच आहे. खालून काढ, जुनं आधी. तिचं अक्षर घाण आहे, सावकाश."

तीन दुपारी मी ती पत्रं वाचली. खिडकीतून खालचे मंत्र वर येत, पंपांची घरघर, मधेच कुणाचा तरी मोबाईल. पलीकडच्या वाळूवर कासाचं पांढरं गवत फुललं होतं. मालतीबाई डोळे मिटून बसायच्या आणि झोपल्या असं वाटेपर्यंत मधेच बोलायच्या, "हे मिरजेचं पत्र. तिला ती खोटं लिहायची, तब्येत बरी आहे वगैरे. मला नाही."

पहिल्याच पत्राची सुरुवात होती: 'आज कोकणात होते.' दुसऱ्याची: 'काल दिवसभर वऱ्हाडात. आज हळूहळू परत येते आहे.' मला आधी वाटलं, कादंबरी लिहिण्याबद्दल आहे हे. नव्हतं. वाचण्याबद्दल होतं.

तीर्थपुरोहितांच्या घरी वह्या असतात. हिशेबाच्या नव्हेत, यजमानांच्या. लांबट, अरुंद, कापडात बांधलेल्या. गावोगावची माणसं श्राद्धाला येतात तेव्हा आपल्या घराण्याच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून जातात: कोण आलो, कुणाचं करायला आलो, घरी कोण कोण आहे. नातू आला की आजोबांचं अक्षर त्याला काढून दाखवतात. पान त्या घराण्याचं. पुरोहित ते त्याच घराण्यापुढे उघडतो, दुसऱ्या कुणापुढे नाही. अख्खा व्यवसाय त्या एका विश्वासावर उभा आहे, कारण माणसं तिथे काय वाट्टेल ते लिहितात. पहिली बायको, दुसरी बायको, घर सोडून गेलेला भाऊ.

शरयूताई त्या वह्या वाचायच्या. पन्नासएक वर्षं. हेच त्यांचं वाचन, दुसरं नाही.

दुपारी चारला यजमान जेवून आपापल्या मुक्कामी जातात, पुरोहित आडवा होतो. तेव्हा त्या हात धुऊन वह्यांच्या खोलीत जायच्या. दिवा लावायचा नाही, नदीकडच्या खिडकीचा उजेड असेल तेवढाच. रोज एक पान. पानावर दोनच ओळी असल्या तरी एकच. जमिनीवर बसून, ओठांतल्या ओठांत, जिथलं पान तिथल्या बोलीत, म्हणजे ती बोली जशी असेल असं वाटायचं तशी. टिपण करायचं नाही. नाव कुणालाही सांगायचं नाही, मैत्रिणींनाही नाही. पत्रात फक्त प्रांत. साडेपाचला बाहेर.

आणि कुठली पानं?  पत्रात होतं: 'ज्यांचं माणूस येतं त्यांची पानं त्यांची आहेत, मालू. त्यांना मी हात लावत नाही. ज्या घरांचं आता कुणीच येत नाही तेवढी मी वाचते. कुणी दोन पिढ्या आलं नाही, कुणी तीन. ती माणसं लिहून गेली ती कुणीतरी वाचावं म्हणून ना?'

'एका कोकणातल्या बाईचं पान. बायकांच्या हातचं क्वचितच असतं. लिहिते, मी व धाकट्या जाऊबाई दोघी पोहोचलो, तिघी निघालो होतो. पुढे काही नाही. त्या पानावर त्यानंतर कुणीच नाही.'

'आज एका वऱ्हाडी गृहस्थाने स्वतःच्या नावाखाली लिहिलं आहे, पुढे चिरंजीव लिहितील. खाली पाच ओळी मोकळ्या. मी त्या मोकळ्या ओळीही वाचल्या.'

आणि एक लहानसं कार्ड, मिरजेच्या मैत्रिणीला. त्यातला दिनू म्हणजे त्यांचा भाचा, आता घरचा पुरोहित तोच: 'नगरचं माझं एक घर आज गेलं. दिनू सांगत होता, त्यांचा पणतू आला, पान शोधून काढलं, रडला. फार बरं वाटलं. आता ते पान माझं नाही. थोडं वाईटही वाटलं, ते फक्त तुला लिहिते.'

छापील पुस्तकांबद्दल एका ठिकाणी होतं, की पुस्तकाला मी न वाचल्याने काही होत नाही, त्याला दुसरे आहेत. मी वाचनालयाची माणूस, मला ते पटलेलं नाही, आजही नाही. मी मालतीबाईंना म्हटलं तसं. त्या म्हणाल्या, "मलाही पटलं नव्हतं. तीन पानी भांडण आहे आमचं, सापडेल पुढे."

आणखीही मी भांडले. म्हटलं, ही चोरी नाही का? लोकांची दुःखं वाचायची आणि कादंबऱ्या लिहायच्या! मालतीबाईंनी अभ्र्यात हात घातला, चाचपून एक पत्र काढलं. कुठलं कुठे आहे ते त्यांना बोटांनी ठाऊक होतं. त्यात लिहिलं होतं: 'माणसं मी घेतली नाहीत. एकाचंही घर, एकाचाही प्रसंग नाही. बोलणं तेवढं घेतलं. बोलणं कुणाच्या मालकीचं असतं का? तूच सांग, तू मास्तरीण आहेस.'

"मग तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"मी लिहिलं, असतं. तिने मला दोन महिने पत्र टाकलं नाही."

मला अजून ठरवता येत नाही. पण मला दुसरा एक राग आला, तो आजही आहे. त्या घरात जुनं मोडी अक्षर झरझर वाचणारी ती एकटी होती. वही उघडायचा हक्क मात्र ज्याला मोडी येत नाही अशा भाच्याला, कारण तो मुलगा. मुलीने हात धुऊन, गुपचूप, पुरोहित झोपल्यावर जायचं. एरवी यावर मी सकाळपर्यंत पत्रक काढलं असतं.

तिसऱ्या दुपारी पिवळ्या कागदाची पाळी आली. माझंच पत्रक, आठ घड्या घालून पत्रात ठेवलेलं. मी ते बाजूला ठेवून पुढच्या पत्राला हात घातला.

"ते टाळू नकोस," मालतीबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "कागदाचा आवाज ओळखते मी. त्याच्याबरोबरचं पत्र वाच."

मी वाचलं. 'सोबत पत्रक पाठवते. दोनदा वाचलं. मुलीचं वाक्य छान बसतं, डोकं अजून बसायचं आहे. माझ्याबद्दल लिहिलं त्याचं काही नाही, नाही वाचत म्हणाली तर म्हणू दे. पण तिने शेवटी जो प्रश्न विचारला आहे तो नेमका आहे आणि तिथेच घोटाळा झाला. लिहिलंत कुठून, हे आता दहा जण विचारू लागले आहेत. काल दारात दोघे आले होते. उद्या कुणी म्हणेल, पुरोहिताच्या घरची बाई, वाचायला वह्या, आणि लिहिते गावाकडच्या कादंबऱ्या. यजमान एका दिवसात तुटतील. दिनूच्या पोटावर येईल. मी खुलासा करायचा म्हणजे वह्यांचं नाव घ्यायचं. त्यापेक्षा मी न वाचणारी बरी. त्या मुलीला तू काही कळवू नकोस. कळलं तर ती आणखी एक पत्रक काढेल.'

मालतीबाई हसल्या. हसता हसता त्यांना खोकला आला, मी पाणी दिलं.

"पुढे वाच," त्या म्हणाल्या. "थांबू नकोस."

पुढचं कार्ड चारच ओळींचं. 'आज अमावास्या. वह्यांच्या खोलीची किल्ली दिनूच्या हातात दिली. आता बातमीदारांनी घर उलटं केलं तरी मी खरंच काही वाचत नाही.'

मी लिहिलं तेव्हा ते खोटं होतं. मी छापलं आणि ते खरं झालं.

त्यानंतरची पत्रं थोडी आहेत आणि लहान आहेत. 'चार ते साडेपाच हा इतका लांब वेळ असतो हे मला माहीत नव्हतं.' 'वर्तमानपत्र सुरू केलं. वाचता येतं, पण कुणाचं वाचते आहे असं वाटत नाही.' शेवटच्या हिवाळ्यातलं एक आहे, धुक्याच्या दिवसांतलं. अक्षर ओळ सोडून खाली गेलेलं. 'पानं आठवून वाचायचा प्रयत्न करते. काल कोकणातली ती बाई आठवायला गेले तर ती नगरची भाषा बोलायला लागली. मालू, माझ्याकडून माणसं मिसळायला लागली. त्यांना मी शेवटची होते.'

हे मला मोठ्याने वाचता आलं नाही. मालतीबाईंनीच ते पाठ म्हणून दाखवलं.

निघताना मी म्हटलं, "मी हे छापते. सगळ्यांना कळू दे त्या काय वाचायच्या."

"कुणासाठी छापतेस?" त्यांनी विचारलं. "तिला बरं वाटावं म्हणून, की तुला?"

मी पत्रं एकेक करून अभ्र्यात परत ठेवू लागले. 

"माझ्या हातात नाही ते," त्या म्हणाल्या. "दिनूला विचार. आणि या वेळी जाऊन विचार."

या शहरात मृत्यूचं कुणाला काही वाटत नाही असं बाहेरचे लोक लिहितात. खोटं आहे. आम्हाला फक्त सवय आहे, आणि सवय झालेली गोष्ट पुन्हा दुखते तेव्हा कुणाला सांगायची पंचाईत होते. त्या संध्याकाळी मी घाटाने चालत होते. धुतलेल्या पायऱ्या, न धुतलेल्या पायऱ्या. एक कुटुंब गच्चीवर बसून नावं आठवत होतं. पुरोहित विचारत होता, पणजोबांचं नाव? आणि एक माणूस मोबाईलवर गावी फोन लावून कुणाला तरी विचारत होता, "ओ काका, पणजोबांचं नाव काय हो? नाही, नाही, त्यांच्या वडलांचं." पलीकडून काय आलं ते कळलं नाही. त्याने पुरोहिताला सांगितलं, "माहीत नाही म्हणतायत." पुरोहिताने सवयीने पुढचं म्हटलं. अशा नावांसाठीही मंत्र आहे. वाचक मात्र नाही.

दिनूदादा पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, पान खाणारे गृहस्थ. मी सगळं सांगितलं. पत्रं, किल्ली, चार वाजता. मला वाटलं, ते उडतील. ते पान चघळत राहिले.

"मला मालूम होतं," म्हणाले.

"काय?"

"आत्या वह्यांच्या खोलीत जायची ते. बाबांच्या वेळेपासून. अगं, तीस बरस मी रोज झोपताना चाबी कोनाड्यात विसरायचो. रोज कोण विसरतं?"

"मग तुम्ही त्यांना कधी म्हणालात का?"

"काय म्हणणार? म्हटलं असतं तर तिला बंद करावं लागलं असतं. आम्ही दोघं एकमेकांना सांगत नव्हतो, म्हणून चाललं होतं." त्यांनी खिडकीतून थुंकून घेतलं. "त्या अमावास्येला तिने चाबी हातात दिली. पहिल्यांदा. मी घेतली. घ्यायला नको होती. म्हणायला पाहिजे होतं, राहू दे तुझ्याकडे. पण बाहेर ते कॅमेरेवाले, घरात यजमान, मी म्हटलं, बरं झालं, थोडे दिवस ठेवू. थोडे दिवस म्हणता म्हणता..."

 मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही.

"लिहू का मी?" मी विचारलं.

त्यांनी नवं पान लावायला घेतलं. मग म्हणाले, "आत्याबद्दल लिही. ती वाचायची हे लिही. यजमानाचं एक नाव नको, घाटाचं नाही, माझं आडनाव नाही. तरी लोक ओळखतील, दोन-चार घरं जातील. जाऊ दे. तिने माझ्यासाठी एवढं ऐकून घेतलं, मी दोन घरं नाही सोडू शकत?"

मग मी ते विचारलं ज्यासाठी खरं तर आले होते. पत्रं वाचल्यापासून ते माझ्या डोक्यात होतं. म्हटलं, मी मोडी शिकेन. रोज चारला येईन. एक पान. नाव कुणाला सांगणार नाही, टिपण करणार नाही. ज्यांचं कुणी येत नाही तेवढीच.

दिनूदादा मला वह्यांच्या खोलीत घेऊन गेले. कपाटं उघडी होती, सकाळचं काम चाललेलं. जमिनीवर एक बसकर अजून होतं, मध्ये खोलगट झालेलं. त्यांनी एक वही उचलली, कापड गुंडाळायला लागले.

"नाही," म्हणाले.

"का?"

"तू चांगली मुलगी आहेस. पण तू पत्रकं काढतेस, बाई."

 बोलण्यासारखं होतं, नेहमीच असतं. पण ते बरोबर होते आणि त्यांना ते बोलताना वाईट वाटत होतं, आणि दोन्ही एकदम असलं की मला भांडता येत नाही.

"मग त्या पानांचं काय होणार?" शेवटी मी विचारलं.

दिनूदादांनी गाठ मारली, दातांनी घट्ट केली. "काय होणार," म्हणाले. "त्यांचं कोण विचारायला येणार आहे?"

खालून हाक आली. जळगावची मंडळी आली होती, नऊ माणसं, एक व्हीलचेअर. त्यांची वही काखेत मारून ते जिना उतरायला लागले आणि मीही त्यांच्यामागून उतरले, कारण त्या खोलीत एकटीने थांबायची मला परवानगी नव्हती.